फरहतचा आवाज

१

शिरूरच्या त्या दोन खोल्यांमध्ये दिवस सुरू व्हायचा पावणेसहाला, ऋतिकाच्या कंपनीच्या बसनं. खाली हॉर्न वाजला की ऋतिका डबा उचलायची, झोपेत असलेल्या फरहतच्या कपाळावर ओठ टेकवायची आणि जिना उतरता उतरता म्हणायची, "सांगत ऱ्हा गं."

सांगत राहायचं म्हणजे काय, ते फरहतला दोन वर्षांत पाठ झालं होतं. अंघोळ झाली की एक मेसेज. स्कूटी काढली की एक. लॅबमध्ये पोचली की एक. जेवली की एक, निघाली की एक. आणि ते लिहून चालायचं नाही. बोलून पाठवायचं, स्वतःच्या आवाजात, मागचे आवाजही ऐकू येतील असं.

"लिहिल्यालं काय, कुणीबी लिहील," ऋतिका म्हणायची. "आवाज खोटं बोलत न्हाई."

ऋतिका न्हावऱ्याची. रांजणगावच्या बाजूला एका कारखान्यात सुटे भाग तपासायची. फरहत दौंडची. शिरूरमधल्या एका लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची. कंपनीच्या मेडिकलसाठी ऋतिका पहिल्यांदा लॅबमध्ये आली, तेव्हा सुई बघूनच तिचे डोळे फिरले होते. शुद्धीवर आल्यावर तिनं फरहतचा हात धरला तो सोडलाच नाही. मागं लायनीत माणसं खोळंबली होती. तो हात फरहतलाही सोडवून घ्यावासा वाटला नव्हता, हे तिनं पुढं कितीतरी वेळा स्वतःशी कबूल केलं.

घरमालकाला, शेजाऱ्यांना आणि दोघींच्या घरच्यांना त्या नुसत्या रूम पार्टनर होत्या.

फरहतच्या आधी ऋतिकाच्या आयुष्यात कॉलेजमधली एक मुलगी होती. तिचं लग्न ठरलं, झालं, आणि ऋतिकाला कळलं ते फोन बंद लागायला लागला तेव्हा. अकरा दिवस ती तो नंबर लावत होती. हे सांगताना ती फरहतचा हात घट्ट धरून ठेवायची. म्हणून फरहत सांगत राहायची. तसं त्यात जड काय होतं?

२

डिसेंबरातला एक मंगळवार होता. स्कूटीचं पुढचं चाक पंक्चर झालं. दुकान उघडेपर्यंत, ट्यूब काढून पाण्यात बुडवून भोक सापडेपर्यंत फरहत रस्त्याकडेला उभी राहिली. लॅबमध्ये पोचायला नऊ झाले. आत पाऊल टाकलं, तर झाडलोट करणाऱ्या पुतळाबाईनं नुकतीच फरशी पुसलेली. पाय सटकला. पुतळाबाईनं दंड धरला म्हणून निभावलं.

"जपून पोरी, दात पडतील," पुतळाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मग गर्दी सुरू झाली. उपाशीपोटी आलेली म्हातारी माणसं, रडणारी पोरं, आणि दर दोन मिनिटांनी मोठ्यानं एकेक नाव पुकारणं. साडेअकराला फरहतला एकदम आठवलं. पोचल्याचं सांगितलंच नव्हतं.

मागं एकदा असं झालं होतं, तेव्हा ऋतिका अर्धा दिवस टाकून लॅबच्या दारात येऊन उभी राहिली होती, घामाघूम. पुढचे तीन दिवस तिनं अन्नाला हात लावला नव्हता.

फरहतनं फोन काढला. मेसेज गेलेला होता. आठ वाजून दहा मिनिटांनी.

तिनं स्टोअरच्या खोलीत जाऊन तो कानाला लावला. आवाज तिचाच होता. "पोचले गं ऋतू. पुतळाबाईनं आत्ताच फरशी पुसलीय, पडलेच असते. म्हणते, दात पडतील." आणि मागं दोन बायकांचं हसू.

फरहतनं वेळ पुन्हा बघितली. आठ दहाला ती पंक्चरच्या दुकानासमोर उभी होती आणि दुकानाचं शटर अजून वर गेलेलं नव्हतं.

फोनचं घड्याळ चुकलं असेल, असं तिनं ठरवलं. आपणच पाठवला आणि विसरलो. झोप कमी होतेय, माणूस विसरतं. भिंतीवरच्या घड्याळाशी तिनं फोन ताडून पाहिला. दोन्हीत मिनिटाचाही फरक नव्हता.

३

संध्याकाळी ऋतिका खुशीत होती. येताना तिनं वाटाण्याच्या शेंगा आणल्या होत्या. सोलता सोलता म्हणाली, "आज लाडात होतीस. असंच बोलत जा की रोज."

फरहत शेंगा सोलत राहिली. मी पाठवलाच नाही म्हटलं असतं, तर आधी 'का नाही पाठवलास' याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

हे सगळं काही एका दिवसात झालं नव्हतं. आधी तो नारिंगी कुर्ता गेला. ऋतिका म्हणाली, लोक बघतात. मग नर्सिंगच्या कोर्सातली मैत्रीण नाझिया गेली, ऋतिकानं तिचा नंबर काढून टाकला आणि फोन फरहतच्या हातात देत म्हणाली, "तुला मी पुरत न्हाई का?" मग दौंडला महिन्यातून दोनदा जाणं एकदावर आलं. दर वेळी ऋतिका आधी रडायची आणि नंतर इतका जीव लावायची, पाय चेपायची, केसांना तेल लावायची, की भांडण कशावरून झालं तेच फरहत विसरून जायची.

तेल लावताना हल्ली केसांचे पुंजके हातात यायचे. छातीत जळजळायचं. लॅबच्या डॉक्टरांनी एकदा सहज विचारलं, "काही टेन्शन?" ती म्हणाली, "नाही सर." दुसरं काय सांगणार? त्रास सांगायचा, तर आधी प्रेम सांगावं लागलं असतं. आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या मंगळवारनंतर तिनं करून बघायचं म्हणून एक दिवस एकही मेसेज पाठवला नाही. पाचही गेले. त्यात ती म्हणत होती, आज मटकी खारट झाली. आणि पाऊण तासानं डबा उघडून पहिला घास घेतला, तर मटकी खारट होती.

खरं सांगायचं, तर पहिले आठ-दहा दिवस तिला भीतीपेक्षा सुटल्यासारखंच जास्त वाटलं. कुणीतरी तिच्या वाटणीचं काम उचललं होतं. ती नुसती जगायची आणि सांगणं आपोआप व्हायचं.

४

जानेवारीत अम्मीचं, हमीदाबीचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऋतिकानं गुरुवारचा दिवस दिला. सकाळी जायचं, संध्याकाळी परत.

चौफुल्याला गाडी बदलायची होती. स्टॉपवर उभी असताना फरहतनं फोन बघितला. एक मेसेज आधीच गेलेला होता, दोन मिनिटांचा. तिनं कानाला लावला. दौंडच्या घराच्या मागं रात्रंदिवस रेल्वेचे डबे जोडतात. ते एकमेकांवर आदळल्याचा ओळखीचा धडाका ऐकू आला. मग तिचा आवाज, घरातलं बारीकसारीक सांगणारा. शेवटी अम्मी, चिडलेली, मराठीत: "सोड. तू आता पाहुणी हायेस या घरात. ताट राहू दे." आणि लगेच पुन्हा तिचाच आवाज, मऊ: "ऐकलंस ना ऋतू? आता नाही येत मी इकडं."

अम्मी घरात दखनी बोलायची. अगदी डोक्यात राग गेला, तरच मराठीवर यायची. फरहतनं मनाशी ठरवलं, आज तिला चिडूच द्यायचं नाही.

"आ गई बेटा? धूप में आई क्या?" काळ्या चष्म्याआडून अम्मीनं तिचा चेहरा चाचपला. जेवण चांगलं झालं. धाकटा भाऊ झिशान रेल्वेत कंत्राटावर वायरमन होता. तोही सुट्टी टाकून घरी थांबला होता. जेवण झालं तरी फरहत ताटावरून उठली नाही. ताटाला हातच लावायचा नाही, असं तिनं पक्कं केलं होतं. बोटांवरचा रस्सा वाळला.

"उठ ना बेटा, हात सूख गए."

ती बसूनच राहिली. तेव्हा अम्मीच तिचं ताट उचलायला वाकली. एका डोळ्याला अंदाज येईना, कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. फरहतनं झटक्यात उठून ताट धरलं. मागं डबे धडाडले. स्वतःच्या आंधळेपणावर चिडलेली अम्मी तिच्यावर ओरडली, "सोड! तू आता पाहुणी हायेस या घरात. ताट राहू दे."

फरहत अंगणात जाऊन नळापाशी बसली. झिशान मागं आला. तिनं काही न सांगता तो मेसेज त्याला ऐकवला. त्यानं दोनदा ऐकला. वेळेकडं त्याचं लक्ष गेलं नाही, गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडं.

"आवाज तुझाच हाय, आपा. पन तू यात दम कुठं घेतीयास?"

"म्हणजे?"

"दोन मिन्टं बोललीस. मधी एकदाबी श्वास न्हाई."

तिनं ऐकलं. खरंच नव्हता.

झिशाननं फोन तिच्या शेजारी ठेवला. "त्या रूमवरच्या पोरीला तू भितीस का?"

"नाही रे."

"मग काय हाय?" ती नळाखाली हात धुवायला लागली, तेव्हा तोच म्हणाला, "मला समदं सांगू नको. रविवारी अकराला गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव. बास."

५

ती परतली तेव्हा ऋतिका दारातच उभी होती. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा उजळलेला.

"परत जाणार न्हाईस ना तिकडं? तूच म्हणलीस."

"मी नाही म्हणाले." फरहतनं पिशवी खाली ठेवली. घसा खवखवत होता. "ऋतू, ते मेसेज मी पाठवत नाही. महिना झाला. एकपण नाही."

तिनं सगळं सांगितलं: पंक्चर, मटकी, ताट. ऋतिका हसली नाही, रागावलीही नाही. तिनं आपला फोन काढला आणि दाखवला. दिवसाला पाच नव्हते. चाळीस होते, पन्नास होते. शिफ्टमध्ये असताना आलेले, जेवणाच्या सुट्टीत आलेले, बसमध्ये आलेले. फरहतच्या फोनमध्ये पाचाच्या वरचे कुठंच दिसत नव्हते.

"मी पाठवते असं वाटतंय का तुला?" ऋतिका म्हणाली. "आईच्यान, मला काय ठाव न्हाई. पन मला ऐकू येतंय ना. माझा जीव थाऱ्यावर हाय. झोपंच्या गोळ्या बंद झाल्यात माझ्या, बघितलंस का तू?"

"तुला भीती नाही वाटत?"

"कशाची?" ऋतिका खरंच बुचकळ्यात पडली होती. "तू समोर असलीस की थकल्याली असतीस, चिडतीस. ती कधी चिडत न्हाई."

"ती कोण?"

ऋतिकाचं तोंड उघडं राहिलं. स्वयंपाकघरात नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं. मग ते थांबलं, कुणीतरी नळ आवळावा तसं. फरहतनं ऋतिकाकडं बघितलं. ऋतिकानंही ते ऐकलं होतं. पण तिनं नजर फिरवली आणि ती गादी घालायला लागली.

६

शुक्रवारी फरहत लॅबमध्ये गेली, तर तिच्या खुर्चीवर दुसरीच मुलगी बसून हातमोजे चढवत होती. पुतळाबाईनं तिला बाजूला घेतलं.

"आता गं कशी आलीस? काल फोन करून सोडलंस ना काम? सायेबांनी मलाबी दिला फोन. किती ग्वाड बोललीस, मावशी येते म्हणून. माझ्या डोळ्याला पानी आलं."

"मी नव्हते, मावशी." शब्द कसेबसे, खरडत बाहेर आले.

"आवाज का बसलाय तुझा? काल तर मोकळा व्हता." पुतळाबाईनं तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि बोलता बोलता तिचा धरलेला दंड सोडला. हळूच सोडला, पण सोडला.

फरहत घरी आली तेव्हा अकरा वाजले होते. ऋतिका शिफ्टला गेलेली. दाराला कुलूप. किल्ली घालता घालता ती थबकली. आत कुणीतरी बोलत होतं. भांडी विसळता विसळता बायका बोलतात तसं, निवांत, वरखाली होणारं. शब्द लागत नव्हते, पण आवाज लागत होता. आपला आवाज बाहेरून कसा येतो, हे माणसाला सहसा माहीत नसतं. फरहतला या महिन्याभरात पुरतं माहीत झालं होतं.

शेजारचा टीव्ही असेल. पाइपातून आवाज येतात. तिनं हे सगळं मनात म्हणून घेतलं आणि कुलूप काढलं.

पंखा चालू होता. स्वयंपाकघराच्या दारावर फुलांचा पडदा होता, जमिनीपासून वीतभर वर राहणारा. त्या फटीतून तिला एक टाच दिसली. ओली, भेगाळलेली, चवड्यावर उचललेली. वरचा डबा काढताना उचलतो तशी. मग ती पुढं सरकली आणि दिसेनाशी झाली.

पडदा बाजूला करायला तिला किती वेळ लागला, ते तिचं तिलाच कळलं नाही. आत कुणी नव्हतं. ओट्यावर एक कप होता. त्यातला चहा गरम होता.

तिनं हाक मारायला तोंड उघडलं. कुणाला मारणार होती, कोण जाणे. पण घशातून नुसती हवा आली.

७

रविवारी बरोबर अकराला झिशानची गाडी खाली येऊन थांबली. फरहतची बॅग भरून तयार होती. आवाज परत आलेला नव्हता; मीठ-पाण्याच्या गुळण्या, हळदीचं दूध, सगळं करून झालं होतं. ऋतिकानं तिला बॅग भरताना बघितलं होतं आणि ती काहीच म्हणाली नव्हती. रडली नाही, दारही अडवलं नाही. खिडकीत बसून हेडफोन कानाला लावून, डोळे मिटून ती काहीतरी ऐकत होती.

फरहतनं दार उघडलं. झिशान जिना चढून वर आला. "चल आपा. एवढंच सामान?"

तिनं मान हलवली. आणि त्याच्या खिशातला फोन वाजला.

त्यानं काढून बघितला. फरहतलाही दिसलं: 'आपा'. तिच्या एका हातात बॅग होती. दुसऱ्या हातात तिचा स्वतःचा फोन होता, बंद केलेला, काळा. तिनं तो पुढं करून त्याला दाखवला. झिशाननं तिच्या फोनकडं बघितलं, मग आपल्या फोनकडं. हसल्यासारखं केलं. आणि फोन उचलला.

"हॅलो?"

तो ऐकत राहिला. पलीकडून आवाज येत होता, अस्पष्ट, न थांबता.

"व्हय," झिशान म्हणाला. "व्हय, आपा... अम्मी बरीय... न्हाई, म्हाईत हाय मला, तू लहानपणी..." त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग ढिला पडला, आणि मग त्यावरचा रंग उतरत गेला. डोळे फरहतवर खिळलेले. फार हळू आवाजात त्यानं फोनमध्ये विचारलं, "मग ही कोण हाय?"

फरहतनं जोरजोरात मान हलवली. त्याचा हात धरायला ती पुढं झाली. झिशान एक पायरी मागं सरला. पलीकडून काय उत्तर आलं, ते तिला कधीच कळलं नाही. तो पाठ न फिरवता, कठड्याला धरून, एकेक पायरी उलटा उतरत गेला. फोन कानालाच होता. खालच्या वळणापाशी पोचल्यावर मात्र तो धावला.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग तोही गेला.

फरहत दारातच उभी राहिली. मागून ऋतिका म्हणाली, हेडफोन न काढता, अगदी साधेपणानं, "जायचं असंल तर जा की. मी कुठं धरलंय?"

दोन वर्षं हेच ऐकायला फरहतचे कान आसुसले होते. जिना रिकामा होता. खाली ऊन पडलं होतं. स्टँड दहा मिनिटांवर होता. ती वाट बघत राहिली, ऋतिका पुन्हा काहीतरी म्हणेल, निदान कुठं चाललीस विचारेल. ऋतिकानं डोळे मिटून घेतले होते.

फरहतनं बॅग आत ओढून घेतली. दार तसंच उघडं राहिलं.

८

उन्हाळा आला. फरहत त्याच घरात आहे. ती भाकरी करते, कपडे वाळत घालते. ऋतिका तिच्याशी वाईट वागत नाही. ताट वाढलं की जेवते, पुढ्यातलं गोड तिच्याकडं सरकवते. पण काही विचारत नाही. कुठला कुर्ता घातलास, कुठं गेली होतीस, कुणाशी बोललीस, काहीच नाही. संध्याकाळी अम्मीचा फोन येतो. फरहतच्या घशातून आवाज निघत नाही, तरी तासभर गप्पा होतात, हसणं-खिदळणं होतं. झिशान आला नाही. अम्मीला त्यानं काय सांगितलं, कोण जाणे.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं. सगळं ठीक आहे म्हणाले. विश्रांती घ्या.

मागच्या बुधवारी फरहत मुद्दाम घराबाहेर पडली. ऋतिका शिफ्टवरून यायच्या वेळेला. फोन घरीच ठेवला, चिठ्ठीही लिहिली नाही. घोडनदीच्या काठी एका दगडावर ती बसून राहिली. चार वाजले, पाच वाजले, सहा वाजले. पुलावरून कुणी शोधत येतंय का, म्हणून ती सारखी वळून बघत होती. एकदा तिला लांबून ऋतिकासारखी चाल दिसली, आणि तिच्या छातीत आनंदानं धडधडायला लागलं. ती दुसरीच बाई होती, शेरडं हाकत निघालेली.

दिवे लागायच्या वेळेला ती घरी आली. जिन्यातच तिला ऋतिकाचं हसणं ऐकू आलं, पूर्वी ती ज्यावर भाळली होती ते, पोटातून येणारं. कितीतरी महिन्यांत तिनं ते ऐकलं नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. ऋतिका पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती. स्वयंपाकघराच्या पडद्याकडं तोंड करून ती काहीतरी सांगत होती, मधेच थांबत होती, मान डोलवत होती.

तिचा फोन पलीकडच्या भिंतीला चार्जिंगला लावलेला होता. फरहतचा त्याच्या शेजारी.

फरहतच्या पायाचा धक्का लागून चपलांच्या रॅकमधून एक चप्पल खाली पडली. ऋतिकानं वळून बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काळजीही नव्हती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती कुजबुजली. "ती बोलतीय."